एक मूल आणि सहा खात्यांच्या याद्या

मागच्या आठवड्यात एका प्रशिक्षण संस्थेतून फोन आला, नवीन अधिकाऱ्यांची बॅच आलीय, मॅडम तुम्ही 'आंतरविभागीय समन्वय' या विषयावर दीड तास बोलाल का. मी हो म्हणाले. आणि मग दोन दिवस वही उघडून नुसती बसले होते, कारण इतक्या वर्षांच्या नोकरीत हा शब्द मी शेकडो इतिवृत्तांत लिहिलाय, 'संबंधित विभागांनी समन्वयाने कार्यवाही करावी', खाली सही, पुढचा विषय. पण समन्वय म्हणजे नक्की काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी ते शिकले एका पाड्यावर, एका दीड वर्षाच्या मुलीमुळे, आणि दोन माणसांमुळे, एक डॉक्टर आणि एक बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी. तेच सांगायचं ठरवलंय, म्हणून आधी इथे लिहून बघतेय.

मी बाल विकास प्रकल्प अधिकारी होते, आदिवासी तालुका, जिल्ह्याचं नाव नको. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. एखादं मूल तीव्र कुपोषित आहे, आमच्या भाषेत सॅम, तर ते कुणाचं? अंगणवाडी माझी, म्हणजे महिला व बालविकास. प्राथमिक आरोग्य केंद्र, पीएचसी, जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाचं, तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब. मूल जास्तच खालावलं की पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं, एनआरसीत, ते ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात असतं आणि ते रुग्णालय जिल्हा परिषदेचं नाहीच, तिथे जिल्हा शल्य चिकित्सक, म्हणजे सिव्हिल सर्जन. घरातल्या रेशनचं काय, तर तहसीलचा पुरवठा विभाग. आईबापाला रोजगार हमीचं काम मिळालं की नाही, ते तहसील आणि पंचायत समिती. गरोदरपणात आईला जो अमृत आहार मिळतो, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना, २०१५ पासूनची, त्याचा पैसा आदिवासी विकास विभागाचा आणि शिजवणार अंगणवाडीत. म्हणजे मूल एक, खाती सहा, आणि प्रत्येक खात्याची आपापली यादी, आपापला महिनाअखेरचा अहवाल.

आता यातला कुणीही माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. लोक म्हणतात सरकारी माणूस काम करत नाही, माझा अनुभव वेगळा आहे, माझ्या ओळखीतले बहुतेक लोक मर मर काम करायचे पण आपापल्या चौकटीत, आणि मूल नेमकं दोन चौकटींच्या मधल्या फटीत पडायचं.

तर झालं असं, की त्या वर्षी पावसाळ्यात आमच्या एका बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांमध्ये, अंगणवाडीच्या यादीत सॅम मुलं अकरा आणि आरबीएसकेच्या पथकाने तपासणी केली (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ते वर्षातून दोनदा अंगणवाड्या तपासतात) त्यांच्या यादीत एकोणीस. मासिक सभेत हा विषय निघाला आणि मी तिथेच उभी राहिले आणि म्हणाले आमची वजनं बरोबर आहेत, आमच्या सेविका दर महिन्याला घेतात, पथक घाईत येतं. समोर नवीन आलेले मेडिकल ऑफिसर, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, तो काही वाद घालेना. सभा संपल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, मॅडम दोन्ही याद्यांमध्ये कॉमन मुलं फक्त सहा आहेत. म्हणजे तुमची पाच आमच्या यादीत नाहीत, आमची तेरा तुमच्या यादीत नाहीत. उद्या दोघं मिळून एका पाड्यावर जाऊया का, एकच काटा घेऊन.

माझ्या एवढ्या नोकरीत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी पण कुणाला विचारलं नव्हतं.

गेलो. गाडी ओढ्यापर्यंत, पुढे चालत. अंगणवाडीत काटा आढ्याच्या बांबूला टांगलेला, बांबू वाऱ्याने हलतोय आणि काट्याची सुई एका जागी थांबतच नाही. उंची भिंतीवरच्या खुणेला पोर उभं करून घ्यायची, पण दीड वर्षाचं पोर ताठ उभं राहतं का, ते गुडघे वाकवतं, रडतं, सेविका एकटी, मदतनीस पाणी आणायला गेलेली. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून मोजायची फळी असते ती पर्यवेक्षिकेच्या घरी, कारण अंगणवाडीला कुलूप नीट लागत नव्हतं. डॉक्टर स्वतः खाली मांडी घालून बसला, एका पोराचं डोकं सिस्टरने धरलं, पाय सेविकेने, आणि एकेक करून आम्ही मोजत गेलो. दंडाच्या पट्टीने दंडघेर घेतला, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली, पट्टीच्या लाल भागात आला की सॅम. दुपारी दोन वाजता त्या एका पाड्याचा आकडा आमच्या यादीपेक्षा जास्त होता आणि पथकाच्या यादीपेक्षाही जास्त.

सेविका रडायला लागली. मला वाटलं चूक झाली म्हणून रडतेय. तसं नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, मागच्या वर्षी माझ्याकडे चार पोरं लाल आली तर मला नोटीस काढली होती." ती नोटीस मीच काढली होती. माझी सही होती त्यावर. वरून पत्र आलं होतं की सॅमची संख्या वाढलेल्या अंगणवाड्यांकडून खुलासा घ्या, मी घेतला, आणि पुढच्या महिन्यात संख्या कमी झाली आणि मी ती कमी झालेली संख्या सभेत अभिमानाने वाचली होती.

या गोष्टीवर मला जरा थांबायचंय, कारण सगळं शिकणं इथून सुरू झालं. महाराष्ट्रात हे कुणाला कळलंच नव्हतं असं नाही. २००२ च्या सुमारास औरंगाबाद विभागात व्ही. रमणी विभागीय आयुक्त असताना कुपोषणावर मोहीम झाली, त्यातूनच पुढे २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं, देशातलं असं पहिलं. त्यांनी ज्या गोष्टींवर जोर दिला त्यातली एक म्हणजे वजनं खरी घ्या, आकडा वाढला तरी चालेल. आणि दुसरी म्हणजे अंगणवाडी आणि आरोग्य यांनी एकत्र बसायचं. मिशनकडे वाटायला मोठा निधी नव्हता, माणसं मूठभर, कुणावर थेट अधिकार नाही, काम काय तर दोन खात्यांना एका सतरंजीवर बसवणं, मार्गदर्शन करणं, पाठपुरावा करणं. २००५-०६ ला राज्यात दोन वर्षांखालची साधारण ३९ टक्के मुलं खुजी, म्हणजे वयाच्या मानाने उंचीला कमी, होती, २०१२ च्या राज्य पोषण सर्वेक्षणात ते प्रमाण २४ च्या आसपास आलं. एवढी घट सहा-सात वर्षांत. अर्थात त्यामागे शिक्षण, उत्पन्न, रस्ते, बऱ्याच गोष्टी आहेत, सगळं श्रेय एका मिशनला देता येणार नाही, पण अधिकार नसताना माणसं जोडता येतात हे त्यांनी करून दाखवलं असं मला मनापासून वाटतं. नंतर मात्र आपण अडकलो. पाच वर्षांखालच्या मुलांचं खुजेपण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ ला ३४.४ टक्के होतं आणि २०१९-२१ ला ३५.२. म्हणजे जागच्या जागी, उलट किंचित वर.

परत पाड्यावर येते. त्या दिवशी मोजलेल्यात एक मुलगी होती, दीड वर्षाची, दंडघेर १०.९. डॉक्टर म्हणाला हिला आजच एनआरसीत न्यायला पाहिजे. एनआरसी पन्नास किलोमीटरवर. आई म्हणाली नाही. मी नेहमीचं बोलायला लागले, ताई पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे वगैरे. आधीच्या मुलांच्या वेळी अशा प्रसंगी आम्ही रजिस्टरला 'पालकांचा नकार' असा शेरा मारून अंगठा घ्यायचो आणि विषय आमच्यापुरता संपायचा.

आमच्याबरोबर त्या दिवशी बीडीओ साहेब होते, ते खरं तर घरकुलांची पाहणी करायला त्याच पाड्यावर आले होते आणि गर्दी बघून थांबले. साधा माणूस, फारसं न बोलणारा. ते आईच्या शेजारी ओट्यावर बसले आणि विचारलं, "नाही म्हणतेस ते बरोबर असेल, पण तिकडे गेलीस तर इथे काय काय अडेल ते सांग." आणि ती सांगायला लागली. मोठा पोरगा चार वर्षांचा, त्याला कोण बघेल, नवरा भातलावणीला दुसऱ्या गावात. दोन शेळ्या आहेत. चौदा दिवस मजुरी बुडेल. आणि मागच्या वेळी तिच्या जावेला एनआरसीत राहिल्याचे बुडीत मजुरीचे पैसे मिळायचे होते ते अजून मिळालेच नाहीत, मग सरकारवर विश्वास कसा ठेवायचा.

जावेचे पैसे का नाही मिळाले ते बीडीओंनी तिथेच बसून शोधलं. रुग्णालयाने पैसे पाठवले होते. खातं बंद पडलेलं, आधार जोडलेलं नाही म्हणून ते परत गेले. रुग्णालयाच्या लेखी विषय पूर्ण, रक्कम अदा. बँकेच्या लेखी विषय पूर्ण, व्यवहार परत. आमच्या लेखी तर हा विषयच नव्हता. ग्रामसेवकाला सांगून दुसऱ्या दिवशी बँकमित्राला पाड्यावर बोलावलं, दोघी जावांची खाती सुरू करून घेतली. मोठ्या पोराला मदतनीस बाईने दिवसा अंगणवाडीत आणि रात्री आजीकडे असं ठरवलं. शेळ्या शेजारणीने घेतल्या. डॉक्टरने एनआरसीच्या सिस्टरला माझ्यासमोर फोन लावला, नावानिशी, की अमुक आई येतेय, तिला एकटं वाटू देऊ नका. त्याच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी १०२ च्या रुग्णवाहिकेत होती.

बघा, यात एकही नवीन योजना नाही. एक रुपयाही जास्तीचा नाही. सगळं आधीपासून कागदावर होतंच. आदिवासी भागात हे सगळं जुळवून करण्यासाठी नवसंजीवन योजना १९९५ पासून आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सगळ्या खात्यांनी बसायचं ही व्यवस्था तेव्हाच ठरलीय. व्यवस्था होती, पण ती चालवण्यासाठी जो स्वभाव लागतो, म्हणजे दुसऱ्याच्या खात्यात डोकावताना त्याचा अपमान न करणं, आपला आकडा चुकला हे सगळ्यांसमोर म्हणणं, आणि समोरच्या बाईला 'लाभार्थी' न समजता तिच्याकडून शिकणं, तो स्वभाव कुणाला योगायोगाने मिळाला तर मिळाला. माझं म्हणणं एवढंच आहे की हे योगायोगावर सोडू नका, हे शिकवता येतं, मला तर चाळिशीनंतर शिकवलं गेलं.

संकटात आपण हे करतोच की. २०१६ चं लातूर आठवा. मांजरा धरण कोरडं, शहरात टँकरवर मारामाऱ्या होतील म्हणून पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी निघालं. ११ एप्रिलला पहिली गाडी, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींची गाडी, एका फेरीला पंचवीस लाख लिटर. सव्वातीनशेच्या वर किलोमीटर. रेल्वे केंद्राची, तिच्या टाक्या धुऊन आल्या राजस्थानातल्या कोट्याहून, पाणी कृष्णेचं म्हणजे सांगली जिल्ह्यातलं, उतरवून घेणार लातूर, स्टेशनजवळ विहिरीत साठवायचं, तिथून जलशुद्धीकरण, मग वाटप महापालिकेचं. यातल्या कुणीही 'हा विषय आमच्या कार्यकक्षेत येत नाही' असं लिहून पाठवलं असतं तर ती गाडी मिरजेतून हललीच नसती. त्याच्या आधी १९९३ चं किल्लारी, ३० सप्टेंबरची पहाट, बावन्न गावं नव्याने वसवावी लागली. त्या पुनर्वसनात गावोगावच्या बायकांना संवाद सहाय्यक म्हणून नेमलं होतं, सरकार आणि घर बांधणारं कुटुंब यांच्या मधला दुवा. तेव्हा लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी होते, आणि तेच पुढे केंद्राच्या क्षमता निर्माण आयोगावर सदस्य म्हणून गेले, जो आयोग आज देशभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण कसं असावं हे ठरवतो. मला हा धागा फार महत्त्वाचा वाटतो, कारण अशा प्रसंगात तावूनसुलाखून निघालेल्या माणसाला प्रशिक्षणाचं मोल वेगळं कळत असणार.

पण भूकंप आणि दुष्काळ डोळ्यांना दिसतात. कुपोषित मूल दिसत नाही, ते घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गोधडीवर शांत पडलेलं असतं, रडतसुद्धा नाही, कारण रडायला ताकद लागते. त्याच्यासाठी रेल्वे हलत नाही. रोजच्या कामात ती रेल्वेवाली वृत्ती कशी आणायची, खरा प्रश्न हा आहे.

मिशन कर्मयोगी आलं, सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम, २०२० च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने मंजूर केलं, मोबाईलवर कोर्स करता येतात, मी स्वतः काही केलेत, चांगले आहेत, नियम समजतात, नवीन गोष्टी कळतात. यशदासारखी राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आपल्याकडे पुण्यात आहे. आयएएस मुलांना मसुरीत सगळ्या सेवांच्या मुलांबरोबर बसवतात, देश फिरवतात. पण तालुक्याचं काय? तालुक्यात जी पाच-सहा माणसं खरोखर मुलाच्या दारापर्यंत जातात त्यांचं प्रशिक्षण कसं होतं ते सांगते. आम्हा आयसीडीएसवाल्यांचं, म्हणजे अंगणवाडीच्या यंत्रणेतल्यांचं, वेगळ्या महिन्यात, वेगळ्या हॉलमध्ये. डॉक्टरांचं वेगळं. ग्रामसेवकांचं वेगळं, त्यांना हिशोब आणि लेखासंहिता. पुरवठा निरीक्षकांचं तर मी कधी ऐकलंच नाही. मी तीन मोठी प्रशिक्षणं केली आणि तिन्हीमध्ये माझ्या शेजारी माझ्यासारखीच प्रकल्प अधिकारी बसलेली, आम्ही एकमेकींना डबे दिले, गाऱ्हाणी सांगितली आणि आरोग्य विभाग कसं सहकार्य करत नाही यावर आमचं एकमत झालं. तिकडे आरोग्यवाल्यांचंही आमच्याबद्दल तसंच झालं असणार.

मला वाटतं तालुक्याची टीमच्या टीम उचलून एका गावात आठवडाभर ठेवावी. एक मूल निवडायचं आणि त्याच्यामागे शेवटपर्यंत जायचं. अंगणवाडीतून पीएचसी, तिथून एनआरसी, बँक, रेशन दुकान, परत घर. ज्याचं ते खातं नाही त्याने त्या खात्याचं काम करून बघायचं, डॉक्टरने टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटं वाटायची, प्रकल्प अधिकाऱ्याने ओपीडीच्या रांगेत आईबरोबर उभं राहायचं. मी एकदा राहिले, सकाळी साडेआठ ते दुपारी एक, आणि त्यानंतर मी 'पालक मुलांना दवाखान्यात आणत नाहीत' हे वाक्य अहवालात लिहिणं बंद केलं.

आणि गोपनीय अहवाल. आपल्या सीआरमध्ये माझ्या खात्याची उद्दिष्टं मी किती टक्के गाठली ते असतं. मी दुसऱ्या खात्याचं काम सोपं केलं का, याला रकाना नाही. त्या डॉक्टरने माझी यादी दुरुस्त केली आणि त्यामुळे त्याच्या पीएचसीच्या हद्दीत सॅम मुलं वाढलेली दिसली, जिल्ह्याच्या रिव्ह्यूत त्याला उभं करून विचारलं गेलं. त्याने शांतपणे उत्तर दिलं, पण त्याच्या जागी दुसरा असता तर पुढच्या वेळी त्याने काटा उचललाच नसता. हे बदलायला हवं आणि हे वरच्यांनीच बदलायला हवं, खालून होणार नाही.

बदल्यांचंही तेच. २००५ च्या बदली कायद्यात साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ आहे. आमचं तिघांचं जमून आलं, एकमेकांना रात्री अकराला फोन करण्याइतकं, आणि पुढच्या मे-जूनमध्ये डॉक्टर पीजीला गेला, बीडीओंची बदली झाली, त्यांच्या जागी अतिरिक्त कार्यभार. खात्यांमधला विश्वास कुणाच्या चार्ज लिस्टमध्ये लिहिलेला नसतो, चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या देतात, फायली देतात, कोणत्या सिस्टरला नुसतं 'कशी आहेस' विचारलं तर ती रात्री थांबते हे कोण देतं?

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. ती सुधारली, चौदा दिवसांनी परत आली तेव्हा आई हसत होती. दिवाळीनंतर घरचे सगळे वीटभट्टीवर गेले, दुसऱ्या जिल्ह्यात, आणि आमच्या रजिस्टरला तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' शेरा पडला. त्या शेऱ्याखाली सही माझी. तिकडच्या यादीत नाव चढलं का हे मी विचारलं नाही, एवढं सगळं शिकल्यावरसुद्धा विचारलं नाही, कारण जिल्ह्याची हद्द संपली की डोक्यातही हद्द संपते. होळीला कुटुंब परत आलं तेव्हा दंडघेर ११.१. चार महिने तिला कुणी मोजलं नव्हतं. पुन्हा गाडी, पुन्हा एनआरसी. वाचली ती. पण त्यानंतर मी दर दिवाळीत भट्टीवर जाणाऱ्या घरांची यादी करून त्या त्या तालुक्यातल्या प्रकल्प अधिकाऱ्याला स्वतः फोन करायला लागले, पहिल्या फोनला समोरून विचारलं गेलं की मॅडम पत्र आहे का, मी म्हटलं पत्र मागून येईल, आधी मुलाचं नाव लिहून घ्या. आता महिला व बालविकास विभागाने स्थलांतरितांची नोंद ठेवणारं ॲप आणलंय, २०२१ ला प्रायोगिक सुरुवात झाली, फार बरं वाटलं मला. ॲपमध्ये नाव दिसलं की पलीकडच्या माणसाने उठून भट्टीवर जायला पाहिजे, एवढं झालं की झालं.

तर आता प्रशिक्षण संस्थेला मी कळवलंय की दीड तास भाषण नको, मला एक अख्खा दिवस द्या आणि एक अंगणवाडी द्या. आणि त्या बॅचबरोबर त्याच तालुक्यातला एक डॉक्टर, एक ग्रामसेवक आणि एक पुरवठा निरीक्षक बोलवा. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या बाकीच्या तिघांना त्यांच्या खात्याकडून नामनिर्देशन लागेल, पत्र काढावं लागेल. मी म्हटलं काढा, तोवर मी तिघांना फोन करते. दोघं यायला तयार आहेत. डॉक्टर म्हणतो त्या दिवशी त्याची नाईट आहे, पण सकाळी अकरापर्यंत थांबेन. उंची मोजायची फळी मी घरून नेणार आहे.